चित्रांचे मस्टर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, "जुन्या पुस्तकांतील आणि मासिकांतील चित्रे." ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "बरे आहे, उन्हाळ्यात तेवढेच हलके." हलके की जड ते आपण ऐकल्यावर ठरवावे. आमची तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांपुढे बोलण्यात गेली. तिथे ऐकणारा उभा असतो आणि त्याची पाळी सुटलेली असते, म्हणून लांबण लावण्याची सवय आम्हांला नाही.

आमचे शिक्षण पुडीच्या कागदावर झाले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि त्यात आमची शाळा सुटली ती सुटलीच. किराणा दुकानातून पुड्या येत. पुडीतली डाळ दिवसेंदिवस कमी होत गेली, कागद मात्र पुरा असे. तो कागद बहुधा जुन्या दिवाळी अंकांचा. आई पुडी सोडी आणि कागद आमच्या हाती देई. एकदा एका पानावर एक स्त्री आली. हातात निरांजन, नजर खाली, आणि कोपऱ्यात तीन अक्षरे: दलाल. आमच्या घरात दलाल हा शब्द काही चांगल्या अर्थाने वापरला जात नसे. हे चित्र कोणा दलालामार्फत विकले गेले असावे आणि त्याने आपला शिक्का मारला असावा, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती! दीनानाथ दलाल नावाचा थोर चित्रकार गोव्यात, मडगावला १९१६ साली जन्मला, १९४५ साली त्याने 'दीपावली' काढला आणि १९७१ साली तो गेला, हे कळायला आम्हांला विशी ओलांडावी लागली. पण नाव वाचले होते म्हणून कळले. ते पान कोपऱ्यात फाटलेले असते, तर आजही ती बाई आमच्या लेखी अनाथच राहिली असती.

पुढे पोटामागे आम्ही तळोज्यास आलो आणि एका रासायनिक कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तळोजे म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो, रसायनांचा वास आठवतो आणि २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत धावणारी मेट्रो आठवते. कासाडीच्या काठी भाताची खाचरे होती आणि नदीत मासळी मिळे, असे इथली म्हातारी माणसे सांगतात. कारखाने येण्यापूर्वीच्या त्या काठाचे एखादे चित्र मिळावे म्हणून आम्ही पुष्कळ हिंडलो. नाही मिळाले. मुंबईच्या गल्लीबोळांची, पुण्याच्या वाड्यांची चित्रे हवी तेवढी सापडतात. ज्या गावात चित्रकार कधी उतरला नाही, त्याचे जुने रूप तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर जाते.

संघटनेच्या खोलीत आमची एक लोखंडी ट्रंक होती. तीत किर्लोस्कर, मनोहर आणि निरनिराळे दिवाळी अंक होते. काही रद्दीतून उचललेले, काही सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरून आलेले. २६ जुलै २००५ चा पाऊस आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे आमच्या खोलीतही कमरेएवढे पाणी शिरले. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली. दोऱ्या बांधून त्यांवर अंक वाळत घातले, आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. स्वस्त, खरखरीत कागदावरचा मजकूर सुरकुतला, पण वाळून मोकळा झाला. गुळगुळीत आर्ट पेपरवरची रंगीत चित्रे मात्र एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. त्या कागदावर चिनी मातीचा आणि खळीचा लेप असतो. तो ओला झाला की फुगतो आणि वाळताना पान पानाला धरून बसतो. म्हणजे मासिकवाल्यांनी ज्यांवर अधिक पैसा खर्चिला होता, नेमकी तीच पाने गेली. आम्ही सुरीने ती वीट सोडवू पाहिली. एका चेहऱ्याचे अर्धे गाल एका पानावर आणि अर्धे दुसऱ्यावर, असे झाल्यावर सुरी ठेवून दिली.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी संघटनेने स्कॅनर घेतला. तो चित्रांसाठी घेतला असे आम्ही म्हणालो असतो तर सभासदांनी आमची कान उघाडणी केली असती. पगारपत्रके, निधीच्या पावत्या, इस्पितळाचे दाखले यांच्या प्रती ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा पाऊस आला तरी कागद राहतील, हा हेतू. दिवसा ते काम चाले. संध्याकाळी पाळी सुटल्यावर आम्ही चौघे बसत असू: एक फिटर, एक प्रयोगशाळेत काम करणारा, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक बाई, आणि आम्ही. त्या बाईंची नजर अशी की पानावरचा काळा ठिपका शाईचा की कसरीने खाल्लेल्या भोकाचा, हे त्या दुरून सांगत. चित्रे गोळा होऊ लागली. ती आम्ही ओळखीच्यांना मोबाईलवर पाठवू लागलो. लोक खूष होत. "वा! आमच्या लहानपणी हे चित्र घरी होते," असे कोणी लिही आणि आमची रात्र सार्थकी लागे.

त्या उत्साहात आमच्याकडून एक चूक झाली. चित्र देखणे दिसावे म्हणून आम्ही त्याच्या कडा कापत असू. पिवळा समास नको, खालची ओळ नको, पानाचा आकडा नको, शेजारचा अर्धा परिच्छेद तर नकोच. नुसते चित्र, स्वच्छ आणि सुटे. अशी तीनशेच्या वर चित्रे आम्ही 'साफ' केली. ज्यांचे अंक होते त्यांना ते परत केले. काही अंक इतके जीर्ण होते की मालकांनी ते रद्दीत घातले.

आता जे सांगतो ते चित्रांपासून दूर गेल्यासारखे वाटेल, पण ऐकावे. आमच्या भागात एक कारखाना होता. तो आता बंद आहे, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथे एक रंगारी होता. कारखान्यात पाण्याचा नळ एका रंगाचा, वाफेचा दुसऱ्या, आम्लाचा तिसऱ्या. ते रंगवणे त्याचे काम. माणूस हाताचा कलावंत. वर्षानुवर्षे काम केल्यावर एके दिवशी त्याला सांगण्यात आले की तू आमचा नव्हेसच, तू कंत्राटदाराचा, आणि तोही गेल्या दोन वर्षांपासूनचा. मस्टर मागितले तर ते सापडत नाही असे उत्तर आले. मस्टर म्हणजे काय ते कामगाराला विचारा. माणूस उन्हात उभा राहून राबला, त्याच्या हाताला आम्लाचे डाग आहेत, शेजारी साक्ष देताहेत. पण मस्टरावर नाव नसेल तर तो तिथे नव्हताच!

या रंगाऱ्याच्या घरी भिंतीवर काचेच्या चौकटीत एक रेखाचित्र टांगलेले होते. डोळ्यांत रसायन उडालेला कामगार पाण्याच्या फवाऱ्याखाली वाकून डोळे धूत आहे, असे ते चित्र. ४ मार्चच्या सुरक्षा दिनानिमित्त कारखान्याने एक पुस्तिका छापली होती, तीत हे त्याने काढलेले चित्र आले होते. त्याने मोठ्या अभिमानाने ते कापून चौकटीत घातले. आम्हांला वाटले, पुरावा मिळाला. पलीकडच्या वकिलांनी ती चौकट हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारले, "हे कशातले? कोणत्या वर्षाचे? आणि हे यांनीच काढले हे कुठे लिहिले आहे?" लिहिलेले होते. त्या चित्राच्या खाली त्याचे नाव आणि 'देखभाल विभाग' असे शब्द छापलेले होते. पण चौकटीच्या मापात बसेना म्हणून त्याने स्वतःच्या हाताने ती ओळ कात्रीने उडवली होती.

तीन-चार महिने आम्ही ती पुस्तिका शोधत होतो. छापखाना उठून गेला होता. कारखान्याच्या दप्तरात असेल तर ती आम्हांला कोण देणार? अखेर ती सापडली, कोठे म्हणाल तर एका जुन्या सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरात, फळीवर डब्यांखाली अंथरलेली! तेलाचे डाग पडले होते. पण मुखपृष्ठ होते, मुखपृष्ठावर वर्ष होते, आतल्या पानावर चित्र होते आणि चित्राखाली ती ओळ होती. त्या एका पानाने सारे मिळाले असे आम्ही म्हणणार नाही; आणखीही कागद होते, साक्षी होत्या. पण ते पान पुढे ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि महिनाभरात तडजोड झाली. रंगाऱ्याला त्याच्या वर्षांचे पैसे मिळाले. सगळे नव्हेत, पण मिळाले.

त्या रात्री आम्ही खोलीवर जाऊन संगणक उघडला आणि आमची ती 'साफ' केलेली तीनशे चित्रे एकामागून एक पाहिली. त्या रंगाऱ्याने अज्ञानाने एका चित्राचे जे केले, ते आम्ही हौसेने तीनशे चित्रांचे केले होते. कित्येकांचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. काहींचे अंक आठवून आठवून आम्ही पुन्हा मिळवले. निम्म्याहून अधिक तसेच राहिले आहेत.

तेव्हापासून आम्ही चित्राखालची ओळ वाचू लागलो, आणि वाचता वाचता एक निराळेच जग दिसू लागले. मासिकातले चित्र एकट्या चित्रकाराचे नसते. चित्रकार काळ्या शाईने रेखाचित्र काढतो. त्याचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात. रेघा जिथे आहेत तिथे संरक्षक थर, बाकीचा पत्रा उघडा. मग तो पत्रा पातळ नायट्रिकच्या कुंडात हलवीत ठेवायचा. आम्ल उघडे जस्त खात जाते आणि रेघ वर उरते. एका दमात खाऊ दिले तर आम्ल रेघेच्या बगलेतही शिरते, म्हणून मध्ये मध्ये पत्रा बाहेर काढून रेघांच्या कडांना राळेची पूड फासायची, तापवायची आणि पुन्हा आम्लात सोडायचा. शेवटी तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकला म्हणजे टाइपाच्या उंचीचा ब्लॉक तयार. छायाचित्रासाठी जाळीच्या काचेतून ठिपके पाडून हाफटोन ब्लॉक करीत. आता, नायट्रिकची वाफ काय असते ते आम्हां तळोजेकरांना कोणी शिकवायला नको. प्रेमकथेतल्या नायिकेच्या भुवईची ती नाजूक रेघ, ती कोणीतरी खोकत खोकत आम्लातून बाहेर काढलेली आहे! कोठे कोठे चित्राच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत ब्लॉक करणाऱ्या कारखान्याचे नाव असते. त्या कामगाराचे नाव कधीच नसते. आमच्या कात्रीने कारखान्याचे नावही गेले होते.

घाटापलीकडे, लोणावळ्याजवळ मळवलीला, राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला, १८९९ साली मळवलीस गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. आपल्या आजी-पणजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि सरस्वती पुष्कळदा तिथलीच. तिथले छापणे शिळाप्रेसवरचे, प्रत्येक रंगाला निराळा दगड. मूळ तैलचित्र पाहून कोणत्या दगडावर कोणता ठिपका द्यायचा, म्हणजे शेवटी साडीचा काठ जुळेल, हे ठरवणारे कारागीर होते. चित्राखाली रविवर्मा हे नाव आहे, ते असायलाच हवे. पण दगडावरचे हात निनावी राहिले. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि पुष्कळ काही जळाले. उरलेल्या छापील प्रती हेच आता त्या हातांचे मस्टर.

मासिकांकडे यावे तर काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ साली निघाले आणि १९०९ साली त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. मराठी माणसाच्या घरात चित्रे मोठ्या संख्येने शिरली ती या वाटेने. पण आम्हांला विशेष मौज वाटते ती 'किर्लोस्कर खबर'ची. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी ते काढले ते किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्याची खबर देण्यासाठी. शंकरराव स्वतः चित्रकार, व्यंगचित्रे काढीत. कारखान्याच्या गृहपत्रिकेतून महाराष्ट्राचे एक अग्रगण्य मासिक वाढले. आमच्या त्या रंगाऱ्याची पुस्तिका मालकांच्या लेखी टाकाऊ होती, हे आठवले की आम्हांला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

आपण विचाराल, या सगळ्या चित्रांत कामगार कोठे आहे? आम्हीही तेच शोधतो. देव पुष्कळ सापडतात, राजे सापडतात, झोपाळ्यावरच्या सुंदऱ्या तर विपुल. कष्टाचा माणूस शोधावा लागतो. रावबहादुर म. वि. धुरंधर यांच्याकडे तो सापडतो. कोल्हापूरचा हा माणूस जे. जे. कलाशाळेत शिकला आणि तिथेच उभे आयुष्य काढून मोठ्या पदाला पोहोचला. साहेबांच्या इंग्रजी पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली: एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी १९१२ साली, किंकेड यांनी सांगितलेल्या आपल्या कहाण्यांसाठी १९१४ साली, आणि रोथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी १९२० साली ४८ रंगीत चित्रे. पुस्तके साहेबांसाठी खरी, पण धुरंधरांची नजर रस्त्यावरची होती. डोक्यावर पाटी घेतलेली बाई कशी चालते, तिचा पदर कोणत्या खांद्यावरून कसा खोचलेला असतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. आमच्या कँटीनच्या बाईंनी त्यांतले एक चित्र पाहून सांगितले, "हिच्या कमरेत कळ आहे." आम्ही कलासमीक्षकांची पुष्कळ पुस्तके वाचली, एवढे नेमके वाक्य कोठे आढळले नाही.

आणि चित्तप्रसाद. बंगालचा हा चित्रकार १९४६ पासून मुंबईत, अंधेरीला राहिला आणि १९७८ साली वारला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तो मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडला, उपाशी माणसांची चित्रे काढली आणि त्यांचे 'हंग्री बेंगॉल' नावाचे पुस्तक केले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत त्याच्या घरच्यांनी जपून ठेवली. त्या एका प्रतीवरून २०११ साली ते पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले गेले. सरकारने हजारो प्रती जाळल्या आणि एका घराने एक ठेवली. आज पुस्तक आहे! त्या घराने त्यातली चांगली चांगली चित्रे कापून भिंतीवर लावली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात येतोच.

कागदाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण जाळपोळ नसतानाही पुस्तके मरतात. १८४० च्या सुमाराचे शिळाप्रेसवर छापलेले पुस्तक हाती घेतले तर पान वाकते, तुटत नाही. १९४० चे मासिक घेतले तर कोपरा हातात येतो. नातू आजोबाच्या आधी म्हातारा, असा हा प्रकार! कारण असे की जुना कागद चिंध्यांचा. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटू नये म्हणून त्या लगद्यात राळ आणि तुरटी घालीत. ती तुरटी हवेतल्या ओलाव्याबरोबर हळूहळू आम्ल सोडते आणि कागद आतून जळतो. धूर नाही, वास नाही. कोकणच्या दमट हवेत हे अधिकच वेगाने होते. म्हणून आम्ही घाई करतो. पुढच्या पिढीने करावे असे हे काम नाही, तोवर पान उरणार नाही.

आता आम्ही स्कॅन कसे करतो तेही सांगतो, कारण हे घरोघर करता येईल. अंकाची शिवण उसवायची नाही. पाठ मोडेल असे दाबायचे नाही. पान पातळ असेल तर त्याच्यामागे काळा कागद ठेवायचा, म्हणजे मागची अक्षरे चित्रात उमटत नाहीत. रेखाचित्राला इंचाला ६०० ठिपके, मजकुराला ३०० पुरतात. हाफटोनच्या चित्रावर स्कॅनर आपल्याच ठिपक्यांची जाळी चढवतो आणि गालावर लाटा दिसू लागतात. तेव्हा ते आधी मोठ्या मापात घ्यावे आणि नंतर लहान करावे. पण मूळ फाईलला हात लावू नये. पिवळेपणा तसाच राहू द्यावा. धुऊन-पुसून पांढरी केलेली प्रत पाठवायला निराळी करावी. सर्वांत महत्त्वाचे, आधी मुखपृष्ठ स्कॅन करावे, मग छापखान्याचे नाव असलेले पान, आणि मग समासासकट, तळच्या ओळीसकट, पूर्ण पान. आमच्या फिटरमित्राने याला 'आधी गेटपास, मग आत' असे नाव दिले आहे.

हे वाटायचे कोणाला आणि कोणत्या हक्काने, यावर आमच्या खोलीत मोठे भांडण झाले. एक मित्र म्हणाला, "जुने आहे, सगळे फुकट." आम्ही म्हणालो, कामगार संघटनेच्या खोलीत बसून असे बोलू नकोस, मजुरी बुडवून संस्कृतीची सेवा होत नाही. आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० होती, रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० केली. धुरंधर १९४४ साली वारले, त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत. दलालांची १ जानेवारी २०३२ ला होतील. रघुवीर मुळगावकर, ज्यांच्या देवादिकांच्या कॅलेंडरांनी कामगारांच्या चाळी नटल्या, ते १९७६ साली गेले. त्यांच्यासाठी २०३७ उजाडावे लागेल. निनावी चित्राला प्रसिद्धीपासून ६० वर्षे. म्हणून मुदत न संपलेली चित्रे आम्ही जतन करतो, खोलीवर येईल त्याला दाखवतो, त्यांची यादी मोकळेपणाने देतो. पण चित्रकाराच्या घरच्यांना विचारल्यावाचून गावभर पाठवीत नाही. यात आमचे काही मित्र दुखावले. दुखावोत.

जी मोकळी आहेत ती मात्र हातची राखून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ च्या डिसेंबरात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतल्या पुस्तकांतली दहा लाखांहून अधिक चित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत काय दाखवले आहे हे ग्रंथालयालाही सांगता येत नव्हते. त्यांनी लोकांनाच मदत मागितली. पण प्रत्येक चित्राबरोबर पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पानाचा आकडा होता. आमच्याकडे उलट चाललेले दिसते. आम्ही पाठवलेले एक धुरंधरांचे चित्र चार महिन्यांनी फिरत फिरत आमच्याच मोबाईलवर आले. धुरंधरांची सही कापलेली, आणि तिच्या जागी एका गृहस्थाने आपल्या मिठाईच्या दुकानाचा शिक्का मारलेला! खाली शुभ दीपावली. त्या गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक शिक्क्यातच असल्यामुळे आम्ही त्यांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, कोपऱ्यात काहीतरी खरडलेले होते, ते आम्ही साफ केले." आम्हांला रागवण्याचा फारसा अधिकार नव्हता.

जुन्या सचित्र ग्रंथांची चित्रे सुटी करून, चौकटी लावून विकणारा एक व्यापारही आहे. पूर्ण पुस्तकाला जेवढे मिळतात त्याहून चित्रे तोडून अधिक मिळतात. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. आपणांस एवढेच सांगतो की चौकट विकत घेताना विक्रेत्याला पुस्तकाचे नाव आणि साल विचारा. तो सांगणार नाही, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर लिहून ठेवू लागेल.

ग्रंथालयांविषयी बोलताना आम्ही सांभाळून बोलतो, कारण आम्ही त्यांच्या मिठाला जागणारे. पण जागा नाही म्हणून जुने अंक काढून टाकले जातात हे खरे आहे. दोष एकट्या ग्रंथपालाचा नाही, त्याला पगार किती मिळतो ते आम्हांला ठाऊक आहे. काढायचेच असतील तर काढण्याआधी आठ दिवस आम्हांला निरोप द्या. आम्ही हातगाडी घेऊन येऊ. रविवारी सकाळी नऊ ते एक खोली उघडी असते. घरी माळ्यावर अंक असतील तर आणा. कापू नका, पुसू नका, डिंक लावू नका. चिकटपट्टी तर मुळीच नको. दहा-पंधरा वर्षांत ती तपकिरी होते आणि आपल्याबरोबर कागद घेऊन निघते. स्कॅन करून आपला अंक त्याच दिवशी परत देतो.

आता एकच काम राहिले. आमच्या त्या कापलेल्या चित्रांपैकी एक आम्ही मोठे करून आणले आहे, सभागृहाच्या दाराशी उजव्या हाताला लावले आहे. एक बाई कारखान्याच्या भोंग्याकडे पाठ करून उभी आहे, काखेत मूल, हातात पितळी डबा. रेघ पक्क्या हाताची आहे. खाली उजवीकडे सहीची सुरुवात दिसते, एक उभी रेघ आणि अर्धी वेलांटी. पुढचे आम्ही कापले. अंक कोणता ते आठवत नाही. किर्लोस्कर नव्हे, एवढे नक्की, कारण त्याचा कागद निराळा असे. आपणांपैकी जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी जाताना दोन मिनिटे तिथे थांबावे. चित्राखाली वही ठेवली आहे, पेन दोरीला बांधले आहे.